संकट देशाचं की खुर्चीचं? १९७५च्या आणीबाणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा शेवटचा आठवडा आला की आणीबाणीवर वाद सुरू होतात. एकीकडून शिव्याशाप, दुसरीकडून ‘तेव्हा निदान शिस्त तरी होती’. या गदारोळात प्रत्यक्ष काय घडलं ते मागे पडतं. आज पन्नाशीच्या आतल्या कुणाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त ऐकीव गोष्टी येतात. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागे एक भूमिका आहे आणि ती आधीच सांगतो. संकटात सरकारला जादा अधिकार लागतात, हे मान्य आहे. पण आलेलं संकट देशाचं आहे की सत्ताधाऱ्याच्या खुर्चीचं, हे विचारण्याचा नागरिकाचा हक्क त्याही काळात शाबूत राहिला पाहिजे.

आणीबाणी नेमकी कशी लागली?

२५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या कलम ३५२ खालच्या घोषणेवर सही केली. ‘अंतर्गत अशांतते’मुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली आहे, असं कारण त्यात दिलं होतं. शिफारस एकट्या पंतप्रधान इंदिरा गांधींची होती. मंत्रिमंडळाला बोलावणं गेलं ते सही झाल्यावर, २६ जूनच्या सकाळी सहाच्या बैठकीसाठी. तोवर सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण आणि मोरारजी देसाई ताब्यात होते, आणि दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली होती. बैठकीत शंका काढली ती स्वर्णसिंग यांनी. बाकी ज्येष्ठ मंत्र्यांनी मान डोलावली.

या रात्रीच्या आधीचे तेरा दिवस लक्षात ठेवायला हवेत. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी तिथले पराभूत उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेवर निकाल देत इंदिरा गांधींची रायबरेलीतली १९७१ची निवड रद्द केली आणि त्यांना सहा वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधानपदी राहता येईल, पण खासदार म्हणून सभागृहात मतदान करता येणार नाही, अशी अट होती. २५ जूनच्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाशांची प्रचंड सभा झाली, आणि त्याच रात्री आणीबाणी आली.

पण देशात तेव्हा खरंच संकट होतं की नव्हतं?

होतं, आणि मोठं होतं. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत आजही काळ मोजायची खूण आहे. १९७३मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. १९७४मध्ये महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी गुजरातमध्ये नवनिर्माण आंदोलनानं सरकार पाडलं, बिहार पेटला, आणि मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. जानेवारी १९७५मध्ये रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांचा समस्तीपूरला बॉम्बस्फोटात बळी गेला. लष्कर आणि पोलिसांनी बेकायदा हुकूम पाळू नयेत, हे जयप्रकाशांचं आवाहन सरकारला चिथावणी वाटलं. त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात.

तरीही १९७४मध्ये, देश सर्वांत जास्त धुमसत असताना, आणीबाणी लागली नाही. रेल्वेचा संप हाताशी असलेल्या कायद्यांनीच मोडला गेला. आणीबाणी लागली ती पंतप्रधानांची निवड न्यायालयानं रद्द केल्यावर. पुढे ऑगस्ट १९७५मध्ये, विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात असताना, ३९वी घटनादुरुस्ती झाली आणि पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढला गेला. निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदलला. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या दुरुस्तीतलं हे कलम रद्द केलं, पण बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड मात्र वैध ठरवली. देशाच्या सुरक्षेशी या दुरुस्तीचा काय संबंध होता, याचं पटणारं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

म्हणजे आणीबाणी बेकायदा होती का?

कागदोपत्री तसं म्हणता येत नाही, आणि मला जास्त भीती याचीच वाटते. रणगाडे रस्त्यावर आले नाहीत, संसद बरखास्त झाली नाही. घटनेतलं कलम वापरलं गेलं, राष्ट्रपतींची सही झाली, संसदेनं मंजुरी दिली, अध्यादेश निघाले, राजपत्रात छापले गेले.

हे होऊ शकतं असा इशारा घटना समितीत दिला गेला होता. ऑगस्ट १९४९मध्ये मूलभूत हक्कांची अंमलबजावणी स्थगित करणारं कलम मंजूर होत असताना हरी विष्णू कामत यांनी त्याला कडाडून विरोध केला. हिटलरपूर्व जर्मनीच्या वायमार घटनेतल्या तरतुदींचं पुढे काय झालं याची आठवण त्यांनी सभागृहाला करून दिली, आणि कलम मंजूर झालं तो दिवस लाजेचा आहे असं तिथेच बोलून दाखवलं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. २५ जूनला देशात आधीच एक आणीबाणी चालू होती. डिसेंबर १९७१मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा लावलेली ती आणीबाणी युद्ध संपल्यावरही उठवलेली नव्हती. म्हणजे १९७५ ते १९७७ या काळात देशावर एकाच वेळी दोन आणीबाण्या होत्या. संकट संपलं तरी अधिकार परत करायचा नाही, ही सवय जुनी आहे.

रोजच्या आयुष्यात काय बदललं?

सर्वांत आधी अटकेची भीती. ‘मिसा’, म्हणजे १९७१चा अंतर्गत सुरक्षा कायदा, पूर्वीपासूनच होता. जूनअखेरच्या अध्यादेशानं त्यात बदल करून स्थानबद्धाला अटकेचं कारण सांगायचीही गरज ठेवली नाही. आणीबाणीतल्या अतिरेकांची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकडेवारीनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ लोक आत गेले. आपला माणूस का धरला आणि केव्हा सुटेल, हे हजारो घरांना महिनोन् महिने कळलं नाही.

दुसरी गोष्ट नसबंदीची. १९७५-७६मध्ये देशात सुमारे २६ लाख शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या वर्षी हा आकडा ८१ लाखांच्या वर गेला, ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. शिक्षकांना, तलाठ्यांना ‘केसेस’ आणायचे कोटे दिले गेले. पगार, बढत्या, परवाने त्याला जोडले गेले. त्यातून झालेल्या मृत्यूंच्या सतराशेहून अधिक तक्रारी शाह आयोगासमोर नोंदल्या गेल्या. नसबंदी म्हटली की संजय गांधी आणि दिल्ली आठवते, पण सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं. तीन हयात अपत्यांनंतर सक्ती, असं ते १९७६चं विधेयक होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यानं हा भाग विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

तिसरी झोपडपट्ट्यांवरची कारवाई. एप्रिल १९७६मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरं पाडताना गोळीबार झाला, माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यातलं खरं काही येऊ शकलं नाही.

वृत्तपत्रांनी विरोध केला की नांगी टाकली?

बहुतेकांनी नांगी टाकली. काहींनी सुरुवातीला धैर्य दाखवलं: इंडियन एक्स्प्रेसनं २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली, आणि टाइम्सच्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींमध्ये कुणीतरी लोकशाहीच्या निधनाची सूचना छापून आणली. सेन्सॉरला ती वाचून कळली नाही. थोड्याच दिवसांत कोऱ्या जागांवरही बंदी आली.

चिवट लढा दिला तो लहान नियतकालिकांनी. मुंबईतून निघणाऱ्या ‘फ्रीडम फर्स्ट’चे मिनू मसानी सेन्सॉरविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सगळी वृत्तपत्रं एकाच वाऱ्याच्या दिशेनं हाकणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, अशा अर्थाचं न्या. मदन यांचं निकालपत्र आजही वाचावं असं आहे. साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’वरही कारवाई झाली, संपादक यदुनाथ थत्ते मागे हटले नाहीत.

न्यायालयांनी काय केलं?

याचं उत्तर थोडं लांबेल, कारण नागरिकाचा शेवटचा आधार तिथेच असतो.

२७ जून १९७५च्या आदेशानं कलम १४, २१ आणि 22 यांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही देशभरातून हेबियस कॉर्पसचे अर्ज दाखल झाले. ‘या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कुठल्या अधिकारानं डांबलंय ते सांगा’, एवढीच त्यातली मागणी असते. नऊ उच्च न्यायालयांनी हे अर्ज ऐकता येतात असा निर्णय दिला. त्यात मुंबई उच्च न्यायालय होतं. याच उच्च न्यायालयानं, बंद सभागृहात नागरी स्वातंत्र्यावर चर्चा करू पाहणाऱ्या वकिलांवर पोलीस आयुक्तांनी घातलेली मनाईही उडवून लावली.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल, असं त्याचं नाव. खंडपीठ पाच जणांचं: सरन्यायाधीश अजितनाथ रे, न्या. खन्ना, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना एक साधा प्रश्न विचारला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर काही उपाय आहे का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. माझ्या आणि कदाचित तुमच्याही सदसद्विवेकबुद्धीला याचा धक्का बसेल, पण माझ्या युक्तिवादाचा अर्थ तोच होतो, अशी पुस्तीही डे यांनी जोडली.

इतकं स्वच्छ उत्तर कानांनी ऐकूनही २८ एप्रिल १९७६ला चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेत आहे, असं न्या. बेग यांनी लिहिलं. एकटे खन्ना विरोधात राहिले. या निकालपत्रानं आपलं सरन्यायाधीशपद जाणार, हे त्यांनी आधीच बहिणीला सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून बेग यांना नेमण्यात आलं आणि खन्ना राजीनामा देऊन घरी गेले.

कोर्टाचं दार बंद होणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे केरळमधल्या राजन या विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिसतं. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १ मार्च १९७६ला पोलिसांनी त्याला उचललं. प्राध्यापक वडील कार्यालयांचे उंबरठे झिजवत राहिले. हेबियस कॉर्पसचा अर्ज ऐकला गेला तो आणीबाणी उठल्यावर, आणि तेव्हा कळलं की मुलगा पोलिसांच्या छळछावणीत केव्हाच मेला होता. मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. पण वडिलांना मुलाचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

जबलपूरच्या निकालाचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरच्या घराण्याशी जुळतो. बहुमतात असलेले यशवंत चंद्रचूड पुढे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते. २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जबलपूरचा निकाल अधिकृतपणे मोडीत काढला. तो निकाल गंभीर चुकांनी भरलेला आहे, असं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे त्यांचेच चिरंजीव. चूक दुरुस्त व्हायला एकेचाळीस वर्षं लागली.

महाराष्ट्रानं विरोध केला, असं अभिमानानं सांगतात. ते किती खरं?

अर्धं खरं. आधी अभिमानाचा भाग सांगतो.

डिसेंबर १९७५मध्ये कराडला ५१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले विद्यमान मंत्री, आणि तेही आपल्या गावात. जयप्रकाश तेव्हा मूत्रपिंडं निकामी होऊन मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून आपण सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करू या, असं दुर्गाबाईंनी सांगितलं. मंडप उभा राहिला. ज्या माणसाचं नाव छापायलाही सेन्सॉरची परवानगी लागत होती, त्याच्यासाठी केंद्रीय मंत्र्यासमोर हजारो माणसं गप्प उभी होती. त्यात घोषणा नव्हती, शिवी नव्हती, कायद्याच्या कुठल्या कलमात बसेल असं काहीही नव्हतं. १९७६मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

समाजवादी नेत्या मृणाल गोरे भूमिगत राहून काम करत होत्या, मग पकडल्या गेल्या. कोकणचे खासदार मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघांचा संसार त्या काळात पत्रांवर चालला, आणि ती पत्रंही तुरुंगाधिकारी वाचूनच पुढे धाडत. येरवड्यात समाजवादी आणि संघाचे लोक एका भिंतीआड आले. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे न राहणारे लोक एकत्र जेवू लागले, वाद घालू लागले, एकमेकांच्या आजारपणात धावू लागले. पुढच्या जनता पक्षाची सोयरीक अशा तुरुंगांतच जुळली.

आता दुसरा भाग. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. भारतीय कम्युनिस्ट पक्षानं दिला. पवनारला मौनात असलेल्या विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारनं भिंतीभिंतींवर रंगवले. विनोबांना त्यातून काय म्हणायचं होतं यावर त्यांचे अनुयायी अजून वाद घालतात. येरवड्यातून सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी इंदिरा गांधींना पत्रं लिहून संघावरची बंदी उठवण्याची विनंती केली होती. टीकाकारांना त्यात शरणागती दिसते, समर्थकांना वाटाघाट. काँग्रेसमधल्या आमच्या मोठमोठ्या नेत्यांपैकी कुणीही मंत्रिपद सोडलं नाही. एकूण हिशेब मांडला तर धैर्य मोजक्या माणसांनी दाखवलं आणि अभिमान सगळ्यांनी वाटून घेतला.

‘गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांत बाबू जागेवर सापडायचे.’ यात काहीच तथ्य नाही?

आहे. १९७५चा पाऊस चांगला झाला, महागाई उतरली, साठेबाजांवर छापे पडले, वेठबिगारी बंद करण्याचा अध्यादेश निघाला. सामान्य माणसाला पहिले काही महिने बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेठबिगारी संपवायला वर्तमानपत्रं गप्प करावी लागत नाहीत, आणि गाडी वेळेवर सोडायला जयप्रकाशांना डांबावं लागत नाही. शिवाय गाडी वेळेवर आली हे छापायची मुभा होती. उशिरा आली हे छापायची कितपत होती?

संकटात कणखर नेता लागतोच ना?

लागतो. पण कणखरपणाची परीक्षा टीकेसमोर होते. ऑक्टोबर १९६२मध्ये चीननं हल्ला केला. संकट सीमेवर होतं, कुणालाही दिसेल असं. संसदेचं अधिवेशन ताबडतोब बोलवा, अशी मागणी करणाऱ्यांत तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी होते. नेहरूंनी अधिवेशन अलीकडे घेतलं. ८ नोव्हेंबरला, युद्ध चालू असताना, उघड चर्चा सुरू झाली आणि सरकारचे वाभाडे निघाले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याच्या आदल्याच दिवशी जावं लागलं होतं, आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

याचा अर्थ तेव्हा सगळं आलबेल होतं असा मुळीच नाही. चिनी वंशाच्या हजारो भारतीय रहिवाशांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. त्यांचा गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव. कम्युनिस्टांची धरपकड झाली. युद्धाच्या वेळी लावलेली ती आणीबाणीही जानेवारी १९६८पर्यंत रेंगाळली.

त्या काळातली मुंबईच्या तुरुंगातली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते स्थानबद्ध होते. तुरुंगात बसून त्यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत पुस्तक लिहिलं. शुद्ध विज्ञान, राजकारणाचा एक शब्द नाही. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, असा अर्ज केला तर राज्य सरकारनं नकार दिला. का? तर स्थानबद्धाला पुस्तक छापण्याचा हक्क असल्याचं नियमात लिहिलेलं नाही म्हणून. मुंबई उच्च न्यायालयानं हस्तलिखित पाठवू द्यायचा हुकूम दिला. सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही १९६५मध्ये हरलं. नियमानं जे हिरावलेलं नाही ते माणसाकडे शिल्लक राहतं, असा त्या निकालाचा गाभा आहे. इलेक्ट्रॉन-प्रोटॉनवरच्या पुस्तकानं देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते, हा प्रश्न सरकारी कचेरीत कुणालाच पडला नसेल का? पडला असेल. पण वर विचारायचं कुणी?

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात हेच बजावलं होतं. कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल. राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पुढे देवकांत बरुआ काँग्रेसचे अध्यक्ष असताना ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणाले, तेव्हा त्या भाषणाला पाव शतक झालं होतं.

मग निवडणुका का घेतल्या, आणि लोकांनी काय केलं?

१८ जानेवारी १९७७ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. विजयाची खात्री होती, जगातल्या टीकेचा त्रास होत होता, की मनाला टोचणी लागली होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मार्चमध्ये मतदान झालं. उत्तर प्रदेशात ८५पैकी आणि बिहारमध्ये ५४पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. दक्षिणेत मात्र काँग्रेस टिकली. महाराष्ट्र मध्ये उभा होता: ४८पैकी काँग्रेसला २० आणि जनता पक्षाला १९. पु. ल. देशपांडे यांच्या प्रचारसभांना लोटलेली गर्दी अजून लोक आठवतात. मुंबईत पाण्यासाठी लढलेल्या मृणालताई लोकसभेत गेल्या आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. २१ मार्चला आणीबाणी उठली.

तशी आणीबाणी पुन्हा लागू शकते का?

तितक्या सहज नाही. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती घोषणा करू शकत नाहीत, महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमतानं मंजुरी लागते, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ आता कुठल्याच आणीबाणीत स्थगित करता येत नाही.

याच दुरुस्तीत प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे खटल्याशिवाय नुसत्या संशयावरून डांबण्याला, लगाम घालणारं एक कलम होतं: स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीनऐवजी दोनच महिने डांबता येईल, आणि मंडळावर न्यायाधीशांची नेमणूक अधिक स्वतंत्र असेल. संसदेनं ते मंजूर केलं, पण अमलात आणायची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. मिसात तुरुंग भोगलेले कितीतरी लोक नंतर मंत्री झाले, पंतप्रधानही झाले. एवढी एक अधिसूचना कुणालाच काढावीशी वाटली नाही, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

आणीबाणी जाहीर न करताही स्वातंत्र्य आकसतं का?

आकसतं, आणि पुण्याला हे १८९७पासून माहीत आहे. प्लेग आला तेव्हा ब्रिटिशांनी चार कलमांचा साथरोग कायदा केला. साथ खरी होती, माणसं पटापट मरत होती, उपाय करणं भाग होतं. पण प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, बायाबापड्यांना रस्त्यावर तपासलं, सामान जाळलं. २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लिहिल्याबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

मार्च २०२०मध्ये कोविड पसरू लागला तेव्हा राज्यांनी हाच १८९७चा कायदा बाहेर काढला. त्याचं एक कलम सद्हेतूनं वागलेल्या अधिकाऱ्यावर खटला भरू देत नाही. तेव्हाही साथ खरी होती. पण अवघ्या चार तासांच्या अवधीनं देश बंद झाला, आणि ८ मे रोजी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. गावी चालत निघालेल्या या माणसांचा विचार निर्णयाच्या वेळी कुणी मांडला होता का, हा प्रश्न विचारणं म्हणजे साथीला मदत करणं नव्हे.

आज मिसा नाही. जनता सरकारनं तो रद्द केला. १९८०मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा आहे, त्यात जामीन मिळणं फार अवघड आहे. ज्या पक्षाला हे कायदे सत्तेत असताना हवेसे वाटतात, त्यालाच ते विरोधात बसल्यावर जाचतात.

मिसाबंदींना सरकार मानधन देतं ते काय?

राज्यानं २०१८मध्ये ही योजना सुरू केली, सरकार बदलल्यावर २०२०मध्ये ती बंद झाली, २०२२मध्ये पुन्हा चालू झाली. माहितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावं.

आज घरातल्या कुणाला उचललं तर पहिल्यांदा काय करायचं?

आधी अटक कोणत्या प्रकारची आहे ते विचारा. साध्या गुन्ह्यात अटक असेल तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो.

प्रतिबंधक स्थानबद्धता असेल तर चोवीस तासांचा नियम लागू होत नाही, पण कारणं लेखी मागा आणि सरकारकडे निवेदन देण्याचा हक्क ताबडतोब वापरा. तारीख, वेळ, अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. हेबियस कॉर्पसचा अर्ज थेट उच्च न्यायालयात करता येतो; मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर इथेही दाद मागता येते.

कारणांचा कागद इंग्रजीत दिला असेल आणि आपल्या माणसाला इंग्रजी येत नसेल, तर त्याला समजणाऱ्या भाषेत तो मागा, आणि मागितल्याची पोच घ्या. विदर्भ आंदोलनातल्या नागपूरच्या एका कार्यकर्त्याला असंच इंग्रजी कागदांवर डांबलं होतं. त्यानं हिंदी तर्जुमा मागितला, तो नाकारला गेला. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एवढ्याच मुद्द्यावर त्याची स्थानबद्धता बेकायदा ठरवून त्याला सोडून द्यायला लावलं. तो निकाल आजही लागू आहे.